काही घातले नाही

आमच्या खोलीत तांब्याचा एकच हंडा होता. तो आईच्या माहेराहून आलेला, आणि त्याला हात लावण्याचा अधिकार फक्त आईचा. सोलकढीसाठी भिजवलेल्या आमसुलांचा चोथा ती कधी टाकीत नसे. त्याला खडे मीठ लावून ती मोरीत हंड्यासमोर बसे आणि काळपटलेला हंडा तिच्या हाताखाली हळूहळू लालसर उजळत जाई. घासून निघालेले पाणी किंचित हिरवट निळे दिसे. ते मोरीच्या तोंडाशी गोल फिरून नाहीसे होईपर्यंत मी बघत बसे. पुढे ज्या प्रश्नामागे माझी इतकी वर्षे गेली, तो प्रश्न त्या मोरीतच मला भेटला असे लिहिण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. मला तेव्हा नुसता तो रंग आवडत असे.

लालबागच्या त्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत आईची खाणावळ चाले. गावी बायकामुले ठेवून गिरणीत आलेले आमच्याच बाजूचे पुरुष पाळीप्रमाणे जेवायला येत. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा, आणि बुधवारी-रविवारी ताज्या माशांचे तिखले. ताटे पितळेची होती. ती एकावर एक रचताना होणारा आवाज ऐकून मला अभ्यासाच्या पुस्तकावरून डोके न उचलता पाळी सुटल्याचे कळे. जेवणारी माणसे मोठ्याने बोलत, हसत, एकमेकांच्या गावांची टर उडवीत. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसे. "वहिनी, तुमच्या चेडवाक जीभ असा काय नाय?" असे कोणीतरी विचारी, आणि आई उत्तर देई, "असा. पण ती परीक्षेक जपून ठेवल्यान हा."

बाबा रंगखात्यात होते. त्यांच्या अंगाला कायम एक आंबूस वास येई. जुन्या लोणच्याच्या बरणीचा असतो तसा, पण त्याहून तीव्र. सुती कापडावर चढवलेला रंग पक्का व्हावा म्हणून त्या खात्यात मोरचूद आणि असेटिक आम्ल वापरीत. बाबा त्याला नुसते 'असिड' म्हणत. मोरचूद म्हणजे तांब्याचाच एक क्षार, हे मला शाळेत कळले तेव्हा मी धावत घरी येऊन त्यांना सांगितले. त्यांनी अगदी गंभीरपणे ऐकून घेतले, जणू ही गोष्ट त्यांना आजच समजत होती. त्यांच्या नखांच्या कडा निळ्या असत. सुटीच्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते बसले तरी तो वास त्यांच्याबरोबर बसे. आम्हाला मात्र तो वास येत नसे. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. एखादी पाहुणी खोलीत शिरताना नाक किंचित आक्रसून घेई, तेव्हाच मला त्याची आठवण होई.

मग संप आला. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे आणि माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिले आहे. मला आठवतात ती ताटे. प्रथम ती तशीच रचली जात. मग थर बुटका होत गेला. जेवणारे एकेक करून गावी निघून जात होते. जाताना ते आईला वाकून नमस्कार करीत आणि "शिमग्याक परत येतलंव" असे म्हणत. आई उरलेली ताटेसुद्धा रोज घासून ठेवी. शेवटी जेवणारा एकही उरला नाही, आणि पुढच्या खोलीत पहिल्यांदाच इतकी शांतता झाली की मला अभ्यास सुचेना. मी पदवी पूर्ण केली आणि पुढचे शिक्षण सोडून सकाळच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. कोणी मला तसे करायला सांगितले नव्हते. माझ्या स्वभावात एखादी गोष्ट मागण्यापेक्षा ती सोडून देणे सोपे होते.

बाबांची गिरणी काही काळाने अर्धीमुर्धी सुरू झाली, पण रंगखाते पुन्हा उघडले नाही. कापड बाहेरून रंगवून घ्यायचे असे वरच्यांनी ठरवले होते. बाबा नाक्यावर बसणाऱ्यांतले नव्हते. पत्ते खेळत नसत, सभांनाही पाठीमागे उभे राहत. एके दुपारी मी शाळेतून आले तर ते मोरीत बसून आमसुलाच्या चोथ्याने हंडा घासत होते. आई दारात पाठमोरी उभी राहून तांदूळ निवडत होती. हंडा मात्र तिच्या हातून कधी निघाला नव्हता इतका लख्ख निघाला होता.

मी संशोधनाकडे वळले तेव्हा माझ्याबरोबर शिकलेल्या मुलींची मुले शाळेत जाऊ लागली होती. माझ्या मार्गदर्शक बाई दादरच्या. करड्या केसांच्या, मोजके बोलणाऱ्या, आणि माझ्यासारख्या वय उलटलेल्या विद्यार्थिनीलाही 'तुम्ही' म्हणणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर पाण्याचे दोन पेले ठेवले. "दोन्हींत तांबं सारखंच आहे," त्या म्हणाल्या. "या पेल्यातलं कालवांच्या पिल्लांना मारील, त्या पेल्यातलं मारणार नाही. सांगा, का?" मला उत्तर ठाऊक होते, ते ओठांपर्यंत आलेही. पण मी म्हणाले, "मी वाचून येते."

उत्तर असे होते. पाण्यात विरघळलेला धातू एकाच रूपात नसतो. थोडा मोकळा असतो, उघडा, वाटेत येईल त्या जिवाला जाऊन भिडणारा. बाकीचा कशाला तरी धरून असतो. कुजलेल्या पाल्याचा आणि चिखलाचा अर्क पाण्यात उतरलेला असतो. त्याने तो घट्ट पकडलेला असतो, आणि पकडलेला असतो तोवर निरुपद्रवी असतो. तेव्हा पाण्यात तांबे किती, एवढे मोजून भागत नाही. ते कोणत्या रूपात आहे हे पाहावे लागते. मोजण्याचे यंत्र पाऱ्याच्या एका थेंबावर चाले. त्याला जोडलेली लेखणी कागदावर टेकडीसारखी रेघ काढी. टेकडी जितकी उंच, तितके तांबे मोकळे. माझे काम होते कफ परेडच्या मच्छीमार नगराजवळच्या पाण्यावर. तिथल्या होड्यांच्या तळांना तांब्याचा रंग देत, म्हणजे त्यांना शिंपले चिकटत नाहीत. खडकांवरची कालवे कमी झाली असे तिथल्या बाया म्हणत होत्या. तो रंग त्यांना मारतो आहे का, आणि मारत असेल तर तांब्याच्या कोणत्या रूपाने, हा माझा प्रश्न होता.

अडचण अशी की पाणी ओहोटी लागताना घ्यायला हवे, आणि ओहोटी माझी शाळा सुटण्याची वाट पाहत नसे. मी हे आईला सांगत होते. बाबा खिडकीशी बसून ऐकत होते. "पाणीच भरूक होया मां?" ते म्हणाले. "मी भरतंय. गिरणीत जलमभर काय केलंय?"

मी त्यांना नीट शिकवले असे मला वाटत होते. बाटल्या प्लास्टिकच्या, त्या मी प्रयोगशाळेत आम्लात भिजवून, शुद्ध पाण्याने पुन्हापुन्हा खंगाळून आणीत असे. त्या भिजत ठेवलेल्या पाहण्यासाठी बाबा एकदा मुद्दाम प्रयोगशाळेत आले होते. चप्पल बाहेर काढून आत आले, हात पाठीमागे बांधून उभे राहिले, आणि आम्लाच्या टबाकडे बघून ओळखीच्या माणसाला भेटल्यासारखे हसले. त्यांना मी सांगितले, पाणी घेण्याआधी त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, होडीच्या लोखंडाला लावू नका, झाकणाच्या आत बोट घालू नका. काय करू नका याची माझी यादी मला पूर्ण वाटली होती.

ते बसने जात आणि दुपारी परत येत. संपानंतर प्रथमच त्यांना वेळ पाळायची होती. आदल्या संध्याकाळी ते भरती-ओहोटीचे कोष्टक बघत, सदऱ्याला इस्त्री करून घेत. येताना पिशवीत बाटल्यांबरोबर बातम्या असत. यशोदा नावाची एक नाखवीण होती, एका होडीची मालकीण. तिचे आणि त्यांचे छान जमले होते. एका सुटीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले, तेव्हा ती बोंबील सुकत घालत होती. "ही तुजी पोर का?" तिने बाबांना विचारले आणि मग माझ्याकडे वळली. "काय गो मास्तरीणबाय, तुजा बापूस पान्याला येतो का देवाच्या पूजेला? तीन-तीन डाव बाटली इसळतो! आमी भांडी पन एवडी घासत नाय." बाबा खूश होऊन म्हणाले, "घास, घास. भांड्यांचा नशीब फळफळात." ती खळखळून हसली आणि हातातला बोंबील त्यांच्या दिशेने उगारला. बाबांना एखाद्या परक्या बाईशी असे थट्टेने बोलताना मी कधी पाहिले नव्हते. निघताना तिने मूठभर मांदेली कागदात बांधून दिली. त्या संध्याकाळी आईने ती कुरकुरीत तळली, बाबांनी आम्हाला होड्यांची नावे सांगितली, आणि पुढची खोली किती तरी दिवसांनी भरल्यासारखी वाटली.

माझ्या टेकड्या उंच येत होत्या. पाणी कुठलेही असो, होड्यांच्या कडेचे किंवा दूरच्या खडकांपाशीचे, जवळजवळ सगळे तांबे मोकळे. असे कोणाला मिळाले नव्हते. मी घाबरत घाबरत ते कागद बाईंपुढे ठेवले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "चिखलाचं पाणी आहे, आणि त्यानं काहीच धरून ठेवलेलं नाही?" त्या म्हणाल्या. "नवल आहे. हे विद्यापीठाच्या समितीपुढे ठेवलंत तर तुमची पीएच.डी.ची नोंदणी कायम होईल. पण आधी मला आम्लता दाखवा." आम्लता मोजण्याचे आमचे यंत्र बरेच दिवस दुरुस्तीला गेलेले होते. समुद्राच्या पाण्याची आम्लता फारशी बदलत नाही, म्हणून पुस्तकातला आकडा धरून मी पुढे गेले होते. यंत्र परत आले त्या दिवशी मी पहिली बाटली उघडली आणि काटा समुद्राच्या जागेवर न थांबता आम्लाच्या बाजूला सरकत गेला. यंत्र अजून बिघडलेलेच आहे असे वाटून मी त्याला नळाचे पाणी लावले. काटा जिथे यायला हवा तिथे आला. दुसरी बाटली, तिसरी, तेच. मग मी बाटली नाकाशी नेली.

तिला आमच्या खोलीचा वास येत होता. अगदी पुसट, पण तोच. इतके दिवस मी त्या बाटल्या उघडत होते आणि मला तो आला नव्हता. आम्ल पडले की चिखलाच्या अर्काची पकड सुटते आणि धरून ठेवलेले सगळे तांबे मोकळे होते. माझ्या उंच टेकड्या समुद्राच्या नव्हत्या. बाबांनी बाटलीत असिड घातले होते.

मला स्वतःच्या कामाची भीती वाटली नाही असे नाही. समितीची तारीख ठरली होती. पण टॅक्सींच्या रांगेपलीकडून चालत घरी येताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. हे त्यांना कसे सांगायचे? न सांगावे तर पुढचे पाणीही तसेच येणार. सांगावे तर ते जाणे, ती इस्त्री, ती मांदेली, हे सगळे मी त्यांच्या हातून काढून घेणार. मी वाक्ये जुळवीत चालले होते, शाळेत अवघड धडा शिकवण्याआधी जुळवीत असे तशी.

बाबा नुकतेच आले होते. पिशवी दाराशी होती आणि ते पाय धूत होते. आई कुळीथ पाखडत होती. "काय गो, आज लवकर इलंस?" ते म्हणाले.

"बाबा," मी विचारले, "बाटलीत पाणी भरल्यावर तुम्ही काही घालता का?"

त्यांचा चेहरा उजळला. तो चेहरा मला आजही दिसतो. कधीतरी कोणीतरी विचारील याची वाट पाहत असलेला माणूस जसा उजळतो तसा. "मगे! घालूक नको?" ते म्हणाले. पंच्याला हात पुसत ते फडताळाकडे गेले आणि त्याच्या मागून एक लहान बाटली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. रंगाच्या दुकानातून ओळखीने आणलेले असिड होते. "टोपणभर. आमच्या खात्यात रंगाच्या पाण्याचो नमुनो वर प्रयोगशाळेत धाडताना ह्या घातल्याशिवाय रंगमास्तर हात लावी नाय. नायतर तांबा बाटलीक बसता, पाण्यात रवना नाय. तुमच्या प्रयोगशाळेतली पोरां इसारतील, म्हणान मीच घालतंय. तुका सांगूचा काय तेच्यात? तू कामात असतंस."

आणि ते बरोबर होते. पाण्यातला एकूण धातू मोजायचा असेल तर जगभर सगळे तेच करतात, नाहीतर तो बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतो. माझे काम मात्र त्या मोजक्या कामांपैकी होते जिथे ते चालत नाही.

मी समजावून सांगितले. फार चांगले समजावून सांगितले. हीच गोष्ट मला आज सलते. मी मालवणीत सुरुवात केली होती, पण दुसऱ्याच वाक्याला माझी भाषा शाळेतली झाली. मोकळे रूप, धरलेले रूप, आम्लाने सुटणारी पकड. मी पेल्यात पाणी घेऊन दाखवले. एकही शब्द कठोर नव्हता. पण बोलता बोलता मला दिसले की बाबा उभे राहिले आहेत, हात पाठीमागे बांधून, मान किंचित खाली. रंगाचा घाणा बिघडला की ते रंगमास्तरपुढे असेच उभे राहत असणार. मी माझ्या वडिलांना गिरणीत काम करताना कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले.

"म्हणजे आतापातूरचा सगळा पाणी फुकट गेला?" त्यांनी विचारले.

"पुन्हा घेता येईल, बाबा."

"परत भरूक येता मां? मगे झाला." एवढे बोलून ते खिडकीशी जाऊन बसले. आई सुपातले खडे वेचत होती. ती मान वर न करता मला म्हणाली, "इतक्या शिकलंस, पण बापाशीक आधी जेवूक बसवचा, मगे बोलूचा, ह्या खय शिकलंस नाय."

समितीपुढे मी त्या वर्षी गेले नाही. बाबांनी पुन्हा पाणी भरायला सुरुवात केली, आणि या खेपेला त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक बाटलीवर ते चिठ्ठी डकवीत. जागा, ओहोटीची वेळ, आणि खाली, त्यांच्या गोल, सावकाश अक्षरात, छापील मराठीत: 'काही घातले नाही.' मी तसे लिहायला सांगितले नव्हते. बाटल्या माझ्या हाती देऊन ते दाराशी उभे राहत, मी त्या तपासून मान हलवीपर्यंत. बातम्या येईनाशा झाल्या. यशोदा नाखवीण कशी आहे असे मी विचारले की "बरी असा" एवढेच. पुढे मी एकदा तिथे गेले तर ती म्हणाली, "तुज्या बापसाला काय झाला गो? आता नुसतीच बाटली भरतो नि जातो. मस्करी केली तर हसत बी नाय."

काही महिन्यांनी बाई मला म्हणाल्या, "त्या जुन्या आम्लाच्या बाटल्या फेकल्या नाहीत ना? एकूण तांब्यासाठी मला त्याच हव्यात. आम्ल घातलं म्हणून त्यातलं तांबं भिंतीला बसलेलं नाही. त्या आम्लात मुळात तांबं किती आहे तेवढं तपासून वजा करा, आणि तुमचं निम्मं काम झालेलंच आहे." मी त्या तपासल्या. आकडे स्वच्छ आले. बाबांच्या पहिल्या बाटल्यांनी एकूण तांबे सांगितले, दुसऱ्यांनी मोकळे. एकातून दुसरे वजा केले की चिखलाने धरून ठेवलेले मिळे. दोन्ही नसत्या तर प्रबंध झाला नसता.

त्या दिवशी मी अक्षरशः धावत जिने चढले. मोरचुदाची बातमी घेऊन धावले होते तशी. बाबांना सगळे सांगितले, या वेळी मालवणीत, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून. "तुमचा असिड नसता तर माझा काम अर्धा रवला असता, बाबा." ते ऐकत होते. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हसले, लहान मुलाचे कौतुक करताना हसावे तसे.

"माझा मन राखूक सांगतंस, गो बाय," ते म्हणाले. "ऱ्हवांदे. समाजला माका."

मी शपथ घेतली, कागद दाखवले. त्यांनी कागदांवरून मायेने हात फिरवला. मी जन्मभर कोणाला दुखवायचे नाही म्हणून शब्द निवडून, अर्धे गिळून बोलत आले होते, आणि हे बाबांइतके कोणाला ठाऊक नव्हते. त्यामुळे ज्या दिवशी मी त्यांना निखळ खरे ते सांगितले, त्या दिवशीही त्यांना माझा तो स्वभावच ऐकू आला. मी काय वेगळे बोलायला हवे होते, याचे उत्तर मला या वयातही सापडलेले नाही. एखादा तापट, तोंडाळ मुलगा असता तर त्याचा शब्द त्यांनी खरा मानला असता, असे मात्र वाटते.

प्रबंध पूर्ण होण्याआधीच आई-बाबा गावी राहायला गेले. खोली सोडताना बाबांनी माझ्याकडे चार रिकाम्या बाटल्या मागून घेतल्या. "आपल्या बावीचा पाणी बघशीत मां कधीतरी?" त्यांनी विचारले होते. आमच्या परसातल्या विहिरीचे पाणी म्हणजे त्यांच्या दृष्टीने जगातले उत्तम पाणी. मी म्हटले, "बघेन ना, बाबा. मे महिन्यात येईन तेव्हा." मे महिन्यात मी जात असे. आंबे असत, फणस असत, लग्ने असत, आणि परतीचे तिकीट काढलेले असे. त्यांनी बाटलीचा विषय पुन्हा काढला नाही. मागण्यापेक्षा सोडून देणे सोपे, हा स्वभाव मी कोणाकडून घेतला हे मला फार उशिरा कळले.

बाबा गेले त्यानंतर मी गावच्या घरात आईजवळ काही दिवस राहिले. हंडा तिथेच होता, चुलीशेजारी, लख्ख. त्याच्या मागच्या फळीवर माझी एक बाटली उभी होती, काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट. 'परसातली बाव. सकाळ. काही घातले नाही.'

"ती?" आई म्हणाली. "दर मे म्हयन्यात जुना पाणी माडाक ओती आणि ताजा भरून ठेवी. म्हणी, चेडवाक होया झाला तर."

ती बाटली मी घेऊन आले. आता ती माझ्या टेबलावर आहे आणि हे लिहिताना माझ्यासमोर आहे. पाणी अजून स्वच्छ दिसते. पण इतक्या वर्षांत त्यात जे काही तांबे असेल ते पाण्यात राहिलेले नाही. बाबांनी सांगितले होते तसे ते केव्हाच बाटलीला बसले असणार. ते सोडवून घ्यायचे तर एकच उपाय आहे, आणि तो त्यांच्याच खात्यातला आहे. टोपणभर असिड घालायचे. प्रयोगशाळेत अजून मला कोणी अडवणार नाही. एक-दोनदा मी झाकणावर हात ठेवलाही. मग ती चिठ्ठी दिसते, आणि मी बाटली पुन्हा जागेवर ठेवते.